तारीख आली, पण सुटीचं काय?

फेब्रुवारी नुकताच लागला होता. शेतात हरभरा सोंगणीला आलेला. संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. हातात मोबाईल आणि चेहरा उतरलेला.

"गुरुजी, हे जरा वाचून पाहा बरं. पोराच्या कॉलेजचं काही आलं म्हणते दुकानवाला."

मी वाचलं आणि गप्पच झालो. मेसेज बारा दिवसांपूर्वीचा होता. मुलगा एका मोठ्या संस्थेच्या लेखी परीक्षेत पास झाला होता. मुलाखतीसाठी तीन तारखांपैकी एक निवडायची होती. निवडायची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती, म्हणून संस्थेने आपली आपणच एक तारीख देऊन टाकली होती. आणि ती नेमकी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी!

"मेसेज तर लय येतात जी. कोणता कामाचा अन् कोणता बिनकामाचा, मले काय समजते?" ते म्हणाले.

त्यांचं काय चुकलं? मुलगा निवासी शाळेत, तिथे मुलांना मोबाईल नाही. फॉर्मवर नंबर वडिलांचा. वडील दिवसभर वावरात. आम्ही फोन केले, अर्ज पाठवला, पण तारीख काही बदलून मिळाली नाही. मुलाने प्रॅक्टिकल दिलं. मुलाखत गेली ती गेलीच.

मुलांनो, तो मुलगा हुशार होता. अभ्यासात कमी पडला नाही. तो कमी पडला कॅलेंडरमध्ये! म्हणून आज अभ्यासाविषयी एक अक्षरही न बोलता मी फक्त तारखांविषयी बोलणार आहे.

हॉस्टेलच्या मुलाची अडचण वेगळी

आपल्या वाशिम जिल्ह्यातली किती तरी मुलं घर सोडून शिकतात. कुणी जवाहर नवोदय विद्यालयात, कुणी आश्रमशाळेत, कुणी सैनिकी शाळेत, तर कुणी समाजकल्याणच्या वसतिगृहात. नवोदयचंच बघा. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या शेजारी, अमरावतीला! किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असल्यामुळे खेड्यापाड्यातल्या मुलांना तिथे मोठं दार उघडलं.

घरी राहणाऱ्या मुलाला कॉलेज बघायचं असेल तर तो सायकल काढतो आणि जातो. फॉर्मची तारीख शेजारचा दादा सांगतो. हॉस्टेलच्या मुलाला मात्र गेटबाहेर पडायला अर्ज लागतो, वॉर्डन सरांची सही लागते आणि न्यायला घरचं माणूस लागतं. सुटी असते ती ठरलेली. आणि गंमत अशी, की आपल्याला सुटी लागते तेव्हा कॉलेजलाही बहुधा सुटीच असते!

तिसरी अडचण शेताची. प्रवेशाची धावपळ येते जूनमध्ये, तेव्हा पेरणी. काही फॉर्म येतात ऑक्टोबरात, तेव्हा सोयाबीनची सोंगणी. म्हणजे शाळेचं, कॉलेजचं आणि शेताचं अशी तीन कॅलेंडरं एकमेकांवर ठेवून मधली रिकामी जागा शोधायची आहे. अवघड वाटतं ना? पण आधी बसून शोधलं की सापडते.

आधी बघा, मग पसंती भरा

"सर, इंजिनीअरिंगला, मेडिकलला कुठे मुलाखत असते? मग कॉलेज बघायला कशाला जायचं?" असं एकाने मला विचारलं. प्रश्न बरोबर आहे. महाराष्ट्रात इंजिनीअरिंग, मेडिकल, कृषी यांचे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमावर होतात. पण म्हणूनच तर आधी बघायचं! पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्या फेरीत मिळालं तर ते घ्यावंच लागतं, असे नियम असतात. न पाहिलेल्या कॉलेजला पहिली पसंती देणं म्हणजे न पाहता बैल विकत घेणं.

अकरावीचंही तसंच. २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. दहावीनंतर निवासी शाळा सोडून बाहेर पडणाऱ्यांनीही आता पसंतीक्रम विचार करूनच भरायला हवा.

बघायला कधी जायचं? माझं उत्तर एकच: अकरावीच्या वर्षात. बारावीत वेळ मिळत नाही आणि दहावीत अजून काही ठरलेलं नसतं. आणि जायचं ते कॉलेज चालू असताना. रिकामं कॉलेज बघणं म्हणजे बाजार उठल्यावर बाजाराला जाणं. इमारत दिसेल, पण माणसं दिसणार नाहीत.

अमेरिकेतसुद्धा बारावीच्या आधीच्या वर्षात, मार्च-एप्रिलच्या सुटीत, आई-वडील मुलांना घेऊन कॉलेजं दाखवत फिरतात. शाळेला सुटी, पण कॉलेजं बहुतेक चालू, असे दिवस ते मुद्दाम शोधतात. आपणही तेच करू या. आपल्या शाळेची सुटी कॉलेजच्या सुटीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते का? किंवा कॉलेज आधी उघडतं का? तेवढे एक-दोन दिवस सोन्याचे! रविवारी जाऊ नका, ऑफिस बंद असतं.

शेतकरी पालकांसाठी एक छान युक्ती सांगतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं. तिथे पिकं उभी असताना शेतकऱ्यांसाठी शिवार फेरी भरते आणि डिसेंबरअखेर पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास कृषी प्रदर्शन असतं. बाबा वाण बघतील आणि तुम्ही कॉलेज बघाल! वाशिमहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. विज्ञानाची आवड असेल तर २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन लक्षात ठेवा. त्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण सर्वांना बघायला खुली असते. आणि डॉक्टर व्हायचं असेल तर आता फार लांब जायची गरज नाही, वाशिमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे.

गेल्यावर फक्त गेट बघून येऊ नका. हॉस्टेल बघा. मेसमध्ये काय शिजतं ते विचारा. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? शिष्यवृत्तीचं काम कोणत्या खिडकीवर होतं? आणि आपल्या भागातला एखादा दादा किंवा ताई तिथे शिकत असेल तर दहा मिनिटं गप्पा मारा. माहितीपुस्तकात नसतं ते या गप्पांमध्ये सापडतं.

मुलाखत कुठे कुठे असते?

काही ठिकाणी मात्र लेखी परीक्षेनंतर समोर बसवून प्रश्न विचारतात. आपल्या मुलांच्या उपयोगाची काही ठिकाणं वर्गांप्रमाणे सांगतो.

सातवीत असाल तर: डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. हे १९२२ मध्ये सुरू झालं आणि २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. आठवीसाठी वर्षातून दोनदा प्रवेश होतो, जानेवारीत आणि जुलैत. लेखी परीक्षा आधी, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये. लेखीचे गुण ४००: इंग्रजी १२५, गणित २००, सामान्यज्ञान ७५. मग तोंडी परीक्षा ५० गुणांची. वयाची अट कडक आहे. प्रवेशाच्या तारखेला साडेअकरा वर्षं पूर्ण हवीत आणि तेरा व्हायला नकोत. म्हणजे ही गाडी चुकली की पुन्हा येत नाही!

दहावीत असाल तर: छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. राज्य शासनाने ती १९७७ मध्ये सुरू केली. लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलांना निवडतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं एन.डी.ए.ची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. दहावीच्या वर्षातच फॉर्म भरायचा असतो, 'निकाल लागल्यावर बघू' म्हणणारे मागे राहतात.

बारावीत असाल तर: खडकवासल्याची एन.डी.ए. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. पास झालं की एस.एस.बी. म्हणजे पाच दिवसांची मुलाखत! पहिल्याच दिवशी चाळणी लागते. त्यातून राहिले त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटाची कामं, समोरासमोर मुलाखत आणि शेवटी सर्व अधिकाऱ्यांपुढे उभं राहणं. २०२५ च्या मे महिन्यात एन.डी.ए.तून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. तेव्हा मुलींनो, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे.

आता यातली मेख बघा. सप्टेंबरच्या परीक्षेत पास झालेल्यांच्या एस.एस.बी.च्या तारखा हिवाळ्यापासून पुढे लागतात. आणि बारावीचं प्रॅक्टिकल, सराव परीक्षा, बोर्ड हे सगळंही त्याच काळात! पाच दिवस तिथले, शिवाय जाण्या-येण्याचे. भोपाळचं केंद्र आलं तर वाशिमहून आधी अकोला गाठायचं आणि मग भुसावळ किंवा नागपूरमार्गे पुढे जायचं. आठवडा गेलाच समजा. म्हणून तारीख निवडायची सोय उघडते तेव्हा बोर्डाचं वेळापत्रक हातात हवं.

याशिवाय बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या काही विद्यापीठांत लेखीनंतर मुलाखत असते. आणि जगात सगळीकडे हे चालतं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज करायचा आणि डिसेंबरात मुलाखत द्यायची, असा शिरस्ता आहे. २०२० पासून ते ऑनलाइन मुलाखत घेतात. पण ऑनलाइन म्हणजे सोपं असं समजू नका. हॉस्टेलमध्ये शांत खोली, चालणारं नेट आणि गेलीच वीज तर दुसरी सोय, हे मुख्याध्यापकांना भेटून आठ दिवस आधी ठरवावं लागतं.

उलटी मोजणी

रॉकेट सोडताना कसे आकडे उलटे मोजतात? तसंच करा. मुलाखतीच्या दिवसाला शून्य म्हणा आणि मागे मागे या.

शून्य: मुलाखत.
उणे एक: त्या गावात पोहोचून मुक्काम. मुलाखतीच्या पहाटे उतरायचं नाही.
उणे दोन: प्रवासाला निघणं. एखादी गाडी चुकली तरी दुसरी मिळाली पाहिजे.
उणे तीन: घरचं माणूस शाळेत न्यायला येणं. मूळ कागदपत्रं शाळेच्या ऑफिसातून ताब्यात घेणं.
उणे आठ: रजेचा अर्ज, त्याला मुलाखतपत्राची प्रत जोडून.
उणे पंधरा: तिकीट. राहायची सोय. बुडणाऱ्या तासांविषयी सरांशी बोलणं.
उणे नव्वद: दाखले. जात पडताळणी, अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमिलेअर यांना वेळ लागतो. ज्यांना मुदत असते त्यांची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

'उणे तीन' नीट वाचा. सुटीच्या दिवशी ऑफिसला कुलूप असतं. सोमवारी मुलाखत असेल आणि कागद शाळेत अडकले असतील तर रविवारी कुणाला हाक मारणार?

आणि तारीख निवडायची सोय असेल तर? तीन गोष्टी सांगतो. एक, परीक्षेच्या आदल्या-दुसऱ्या दिवशीची तारीख घेऊ नका. दोन, लांबचा प्रवास असेल तर आठवड्याच्या मधला दिवस बरा, म्हणजे ऑफिसचं काम अडलं तरी पुढे एक दिवस हातात राहतो. तीन, दोन-तीन ठिकाणी मुलाखती असतील तर सगळ्यात आवडत्या संस्थेची पहिली ठेवू नका. पहिल्या मुलाखतीत जीभ अडखळतेच. ती अडखळ दुसरीकडे होऊन जाऊ द्या!

आपल्याला रस्तेही आता बरे आहेत. वाशिम स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर आहे आणि २००८ पासून ही लाइन ब्रॉडगेज आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पूर्ण झाला. पण रस्ता चांगला म्हणून उशिरा निघायचं नसतं. पंक्चर चांगल्या रस्त्यावरही होतंच की!

आत गेल्यावर

बरीच मुलं पाठ केलेली उत्तरं घेऊन जातात. समोरची माणसं अनुभवी असतात, त्यांना लगेच कळतं. त्यापेक्षा आपलं गाव नीट माहीत करून घ्या. "कुठून आलास?" "वाशिम." "काय आहे तिथे?" इथे गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत! अरे, वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरून घेतलं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. तालुके सहा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या आपल्या नद्या. हे सांगताना तुमचा आवाज आपोआप मोकळा होईल.

जे येत नाही ते "माहीत नाही सर" म्हणून सरळ सांगावं. हॉस्टेलच्या मुलांकडे तर सांगायला किती असतं! पहाटेची पी.टी., स्वतःचे कपडे धुणं, आजारी मित्राजवळ रात्रभर बसणं, नवोदयच्या मुलांपैकी काहींचं नववीतलं दुसऱ्या राज्यातलं वर्ष. ते साध्या शब्दांत सांगा.

पालकहो, थोडं तुमच्यासाठी

फॉर्मवर कुणाचा नंबर द्यायचा, हा आता फार मोठा प्रश्न झाला आहे. ओ.टी.पी. त्याच नंबरवर येतो, तारीखही त्यावरच येते. जो माणूस रोज संध्याकाळी मेसेज आणि ईमेल उघडून वाचेल त्याचा नंबर द्या. तो मामा असेल, शिकलेली पुतणी असेल, नाही तर गावातले गुरुजी असतील. नंबर, ईमेल आणि पासवर्ड एका वहीत लिहा. एक प्रत घरी, एक मुलाजवळ. मध्येच सिम बदलू नका. आणि दर रविवारी हॉस्टेलच्या फोनवर बोलताना जेवणाची चौकशी झाली की पुढचा प्रश्न हाच विचारा: "बाळा, या महिन्यात कोणती तारीख आहे?"

दुसरं, मुलाखतीच्या खोलीबाहेर पोराला रागावू नका. "काय विचारलं, काय सांगितलं" याचा तपास परतीच्या गाडीत केला तरी चालतो.

चौकट: कापून घ्या आणि वहीत चिकटवा

१. एका पानावर बारा महिने. शाळेच्या सुट्या निळ्या, परीक्षा लाल, फॉर्मच्या तारखा हिरव्या, पेरणी-सोंगणी पिवळी.
२. मूळ कागदपत्रांची एक पिशवी. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. फोटो दहा.
३. मुलाखतपत्राच्या दोन प्रती. एक खिशात, एक पिशवीत.
४. शाळेचा, संस्थेचा आणि घरचा नंबर कागदावर लिहिलेला. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही!
५. आदल्या दिवशी ठिकाण बघून येणं. रात्री दहाला झोपणं.

सुरुवातीच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्हाला वाटत असेल. त्याने दुसरीकडे प्रवेश घेतला, चांगला शिकतो आहे. पण त्या संस्थेचं नाव निघालं की अजूनही तो विषय बदलतो.

त्याची धाकटी बहीणही निवासी शाळेतच. तिची मुलाखत यंदा होती. नंबर तिने मामाचा दिला होता. चार रंगांचा तक्ता दोन वर्षांपासून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला. तारीख निवडायची वेळ आली तेव्हा मामाने शाळेत फोन केला आणि तक्ता बघून तिने दोन मिनिटांत तारीख सांगितली. वडिलांनी सोंगणीचं मजुरांना आधीच सांगून ठेवलं होतं. बापलेक आदल्या दिवशी दुपारीच पोहोचले.

परत आल्यावर ती भेटायला आली. मी विचारलं, "काय गं, पहिला प्रश्न काय विचारला?"

"विचारलं, प्रवास कसा झाला? मी म्हटलं, मस्त झाला मॅडम, रात्री झोपसुद्धा झाली! त्या हसल्याच."

निकाल अजून लागायचा आहे. लागेल तसा लागेल. पण खुर्चीवर ती वेळेवर, झोप झालेली आणि सगळे कागद घेऊन बसली होती. तिच्या दादाला त्या खुर्चीपर्यंत पोहोचताच आलं नव्हतं.

मग मुलांनो, आजच एक कोरा कागद घ्या आणि बारा चौकोन आखा. रंगपेटीत हिरवा खडू आहे ना?